'मी करलं': सुधारावं की सोडून द्यावं?

शेवंती: लेक पावणेतीन वर्षांची आहे. दोनाची होती तेव्हा 'केलं', 'गेला' अगदी बरोबर म्हणायची. आता महिनाभर 'मी करलं', 'बाबा जाला' चाललंय. सासूबाई दर वेळी अडवतात, 'केलं म्हण' म्हणतात. परवा तिसऱ्यांदा अडवल्यावर ती गोष्ट अर्धवट टाकून पडद्यामागे जाऊन उभी राहिली. माझ्या मते अडवू नये. घरात 'करलं' कुणीच म्हणत नाही, म्हणजे ही नक्कल नव्हे. बसलं, पडलं, उघडलं ऐकून तिनं स्वतःच नियम काढला आणि 'कर'ला लावला. मला तर कौतुक वाटतं.

खडू: पटत नाही. बावीस वर्षं मराठी शिकवतोय. सहावीतली मुलं 'मला मदत करा'ऐवजी 'माझी मदत करा' लिहितात. 'येईल आपोआप' म्हणून सोडून दिल्याचं हे फळ. आजी वेळ काढून शिकवतेय, तिला गप्प कशाला करायचं?

अनघड_वाट: सर, दोन्ही एका पोत्यात घालू नका. 'माझी मदत' मुलं मालिकांतून, हल्ली मोठ्यांच्या तोंडूनही ऐकतात. 'करलं' कुणाकडूनच ऐकलेलं नाही. 'केलं' पुरेसं कानावर पडलं की 'करलं' गळून पडतं. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन या संशोधकांनी १९७० मध्ये मांडलं की, आईवडिलांचा होकार-नकार व्याकरणापेक्षा बोलणं खरं आहे की नाही यावर असतो. तरी मुलं व्याकरण शिकतातच.

दोन_पावलं: शेवंतीताई, तुमच्या लेकीबाबत पटलं. पण 'आपोआप' या शब्दाची मला धास्ती वाटते. माझा भाचा अडीच वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडत नव्हता. सगळे म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात. तपासलं तेव्हा कळलं, ऐकू कमी येत होतं. किती महिने वाया गेले! मोबाईलवर बडबडगीतं लावूनही भागत नाही. बाळांच्या भाषेच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी समोर बसून कुणी मँडरिन चिनी बोललं, तेव्हा ती त्यातले ध्वनी ओळखायला शिकली. तेच चित्रफितीवर दाखवलं तर नाही. आजींचं अडवणं थांबवा, बोलणं थांबवू नका.

खडू: कान तपासायचं मान्य. पण बरोबर रूप मुलासमोर ठेवायचं कधी?

शेवंती: तिच्याशी बोलता बोलताच, सर. काल म्हणाली, 'मी किल्ला करला.' मी म्हटलं, 'तू किल्ला केलास? मावळे कुठे ठेवलेस?' मग दहा मिनिटं मावळ्यांबद्दलच बोलत होती.

खडू: म्हणजे सुधारलंतच की. सासूबाईंनाही हेच करून दाखवा. नुसतं 'शिकवू नका' म्हणालात तर दुखावतील त्या.