शॅडो टॅक्टिक्स : पावलोपावली सेव्ह करणे म्हणजे खेळणे की खाडाखोड?

रावेरचा जागल्या

नमस्कार मंडळी. मी काही मुरलेला गेमर नव्हे. ज्या आठवड्यात शेतीची थ्री-फेज वीज रात्री असते, त्या आठवड्यात जेवण झाल्यापासून केळीच्या बागेतली मोटर सुरू करायला निघेपर्यंत जो तास-सव्वा तास हाती उरतो, तेवढाच माझा खेळण्याचा वेळ. भाच्याने त्याच्या जुन्या लॅपटॉपवर ‘शॅडो टॅक्टिक्स : ब्लेड्स ऑफ द शोगुन’चा फुकट मिळणारा डेमो टाकून दिला, तो दोन रात्रींत संपला आणि मी न राहवून पूर्ण गेम विकत घेतला.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. म्युनिकच्या मिमिमी गेम्सने तो २०१६ मध्ये काढला. काळ १६१५ चा, देश जपान, आणि शोगुनच्या, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाच्या, बाजूने पहारेकऱ्यांना चुकवत लपतछपत काम करणारे पाच जण : हायातो, मुगेन, युकी, आयको आणि लाकडी पायाचा म्हातारा नेमबाज ताकुमा. आपण सगळे वरून पाहतो. एखाद्या पहारेकऱ्यावर क्लिक केले की त्याची नजर जमिनीवर हिरव्या कोनासारखी पसरलेली दिसते. त्याच्या जवळच्या भरीव पट्ट्यात पाऊल टाकले तर पकडले गेलोच, पण पलीकडच्या रेघारेघांच्या पट्ट्यातून वाकून चालले तर तो पाहू शकत नाही. मात्र एका वेळी एकाच पहारेकऱ्याची नजर दाखवली जाते, त्यामुळे बाकीच्यांची फेरी आपणच ध्यानात ठेवायची.

मला यात मारामारीपेक्षा थांबणे आवडले. झुडपात बसून चार जणांच्या फेऱ्या पाहत राहावे, कोण कोणाकडे पाठ कधी करतो ते मोजावे, आणि मग सहा-सात सेकंदांच्या फटीतून निघावे, यात जे सुख आहे ते मला गोळीबाराच्या एकाही गेममध्ये मिळाले नाही. मी स्वतः रानडुकरांपायी कित्येक रात्री शेतात जागलेलो असल्यामुळे माझी सहानुभूती मात्र अधूनमधून पहारेकऱ्यांकडे झुकते. त्यांचे एक वागणे मला पटत नाही : काही दिसले की ते थोडा वेळ शोधतात आणि काहीच घडले नाही अशा थाटात जागेवर परततात. आमच्याकडचा जागल्या बांधावर अनोळखी बॅटरीचा उजेड पाहिल्यावर आधी आरोळी देईल, मग शेजारच्या मळ्यात फोन करील आणि उजाडेपर्यंत डोळा मिटणार नाही.

आता मूळ प्रश्न. मी दर वीस-तीस सेकंदांनी सेव्ह करतो, म्हणजे खेळ जिथे आहे तिथे जपून ठेवतो. जरा चुकले की लगेच लोड, म्हणजे त्या जपलेल्या जागेवर परत. परवा एका अंगणातले तीन पहारेकरी संपवायला मला तासभर लागला, आणि प्रत्यक्षात यशस्वी झालेली खेळी जेमतेम मिनिटभराची होती. शेवटी आनंद झाला, पण मी खेळलो की पाटीवर लिहून पुसत बसलो, ते कळेना. तुम्ही सेव्हला काही मर्यादा घालता का?

भुसावळ जंक्शन

दादा, तुमच्या मनातला अपराधभाव या गेमने तुम्हाला दिलेला नाही, तो तुम्ही स्वतः बरोबर आणला आहे. शेवटच्या सेव्हला मिनिट उलटले की पडद्यावर घड्याळच दिसू लागते. ज्यांनी गेम बनवला त्यांनीच ‘सेव्ह करा’ म्हणून मागे लागावे, यावरून त्यांनी कोडी किती अवघड रचली असतील ते ओळखावे. लोड करणे ही इथे पळवाट नाही. बुद्धिबळाचा डाव पटावर मांडून वेगवेगळ्या चाली करून पाहाव्यात तसे ते आहे.

याच्या उलट टोकाची गोष्ट सांगतो. आमच्या कॉलेजच्या दिवसांत स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने ‘प्रोजेक्ट आयजीआय’ खेळला जायचा. तो २००० सालचा. त्यात मिशनच्या मध्ये सेव्ह करण्याची सोयच नव्हती. कुंपणाची तार कापून, कॅमेरा चुकवून, अर्धा तास श्वास रोखून पुढे गेलेला माणूस शेवटच्या बराकीपाशी एका गोळीने पडला की सगळे पहिल्यापासून. वर कॅफेवाला सांगायचा की वेळ संपली. त्याला कोणी खडतर तपश्चर्या म्हणोत, मला तरी ती पैशांची नासाडी वाटत होती. २००३ च्या दुसऱ्या भागात मात्र प्रत्येक मिशनमध्ये मोजक्याच वेळा सेव्ह करू दिले होते, म्हणजे बनवणाऱ्यांनाही काही तरी उमगले असावे.

तुमच्याकडे तासभर आहे आणि मोटर वाट पाहत नाही. खुशाल सेव्ह करा.

पांझराकाठ

भुसावळकर भाऊंचा बुद्धिबळाचा दाखला मला मान्य नाही. बुद्धिबळात समोरचा गप्प बसून तुम्हाला चाल परत घेऊ देत नाही. दिसलो की लोड, ही सवय जडली की या गेमचा निम्मा भाग आपण पाहतच नाही, कारण गजर झाल्यावर काय होते हेच कळत नाही. गजर झाला की चौक्यांमधून नवी तुकडी धावत बाहेर येते, आपण गवतात शिरतो किंवा छपरावर चढतो, ते खालून शोधत फिरतात, आणि त्या दोन मिनिटांत छातीत जी धडधड होते तिच्यासाठीच मी हा प्रकार खेळतो. मुगेनला चिलखतामुळे दोर टाकून छपरावर चढता येत नाही, त्यामुळे त्याला घेऊन पळताना तर कसोटी लागते.

माझा नियम असा आहे की नवी जागा गाठून आडोशाला बसल्यावर एकदा सेव्ह करायचे आणि मधल्या प्रवासात अजिबात नाही. एखादा साथीदार मेला तरच लोड. नुसते दिसल्याबद्दल लोड करायचे नाही. पडद्यावरचे ते घड्याळ सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाका, त्याच्याकडे पाहूनच बोट वळवळते.

जागल्या उजाडेपर्यंत डोळा मिटत नाही, हे तुमचे निरीक्षण मात्र मनापासून पटले. खरे सांगायचे तर सगळेच पहारेकरी तुमच्याइतके चिवट निघाले असते तर कोणाचेही पहिले मिशन पार पडले नसते.

शहाद्याची मास्तरीण

मी हा गेम माझ्या सातवीतल्या मुलाबरोबर खेळते. माऊस त्याच्या हातात आणि फेऱ्या मोजण्याचे काम माझ्याकडे. सेव्हच्या वादात मी दोघांच्या मधोमध आहे, कारण आमच्या घरी किती सेव्ह केले यापेक्षा कशासाठी लोड केले यावरून भांडण होते.

दादा, तुमच्या अंगणातल्या तिघांमध्ये वेताच्या टोपीचा एखादा होता का? साधा पहारेकरी युकीच्या शिट्टीला भुलून सापळ्यापर्यंत चालत येतो, पण टोपीवाला जागा सोडत नाही. मुगेनची साकेची बाटलीसुद्धा त्याला मोहात पाडत नाही. हायातोने दगड फेकला तर तो फक्त मान वळवतो, आणि त्या वळलेल्या मानेवरच सगळा खेळ असतो. सामुराई तर आयकोने घेतलेले सोंगही ओळखतो. हे लक्षात न घेता तीच युक्ती पंचवीस वेळा लोड करून केली, तर ती खाडाखोडच. दर वेळी निराळी युक्ती केली तर तो सराव, असे मी मुलाला सांगते.

एक छोटी गंमतही सांगते. बर्फाच्या मिशनमध्ये पावलांचे ठसे मागे राहतात आणि पहारेकरी त्यांच्यामागे चालत येतात. आम्ही आधी त्या ठशांना घाबरून दर वेळी लोड करत होतो. एकदा मुलाला माऊस सोडून दाराशी जावे लागले, तेवढ्यात पहारेकरी ठसे पाहत पाहत थेट झुडपात लपलेल्या हायातोपाशी आला आणि तिथेच संपला. त्यानंतर आम्ही मुद्दाम ठसे उमटवत फिरू लागलो. लोड केले असते तर ही युक्ती आम्हाला कधीच सापडली नसती.

भुसावळ जंक्शन

ताईंचा मुद्दा बिनतोड आहे, माझी हरकत मागे घेतो. दादा, यातून बाहेर पडलात की १९९८ चा ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ जरूर पाहा, जुन्या लॅपटॉपला तो जड जाणार नाही. त्यात नजरेपेक्षा कान महत्त्वाचा : गालिच्यावर पाऊल वाजत नाही, लोखंडी जाळीवर खणखणते, आणि मशाल विझवायला पाण्याचा बाण मारायचा असतो. सर्वांत वरच्या पातळीवर तर माणूस मारलात की मिशनच फसते. हेडफोन लावूनच खेळा.

रावेरचा जागल्या

सर्वांचे आभार. काल पांझराकाठ भाऊंचा नियम पाळून पाहिला आणि ते घड्याळही बंद केले. ताईंनी ओळखले तसे झाले : त्या अंगणातला तिसरा पहारेकरी टोपीवालाच होता, आणि मी तासभर त्याला शिट्टी मारत बसलो होतो. या वेळी युकीने शिट्टीवर पहिल्याला सापळ्यात ओढले, पण दुसऱ्याने तिला पाहिले आणि गजर झाला. हात सवयीने लोडकडे गेला होता, तो मागे घेतला. हायातोला दोरावरून छपरावर नेले, युकीला पायरीखालच्या झुडपात दडवले आणि सगळे शांत होईपर्यंत नुसते बसून राहिलो. नव्या तुकडीतले दोघे झुडपापाशी उभे राहून आजूबाजूला पाहत होते तेव्हा मी स्वतःही हललो नाही, खुर्ची वाजेल म्हणून.

ते दोघे निघून गेल्यावर टोपीवाल्याची मान वळवायला दगड फेकणार, एवढ्यात विजेची वेळ झाली. आडोशालाच होतो, त्यामुळे नियमाप्रमाणे सेव्ह करता आले. बॅटरी घेऊन बागेत पोहोचलो तर शेजारच्या मळ्यातले नाना बांधावर बसलेले होते, आणि त्यांनी मला लांबूनच ओळखून हाक मारली. त्यांच्या नजरेला रेघारेघांचा पट्टा बहुतेक नसावा.