वेस्ट बँकेत कायदा नक्की कुणाचा?

भटका_जीव: बातम्यांत वेस्ट बँक रोज ऐकतो पण एक गोष्ट डोक्यात शिरत नाहीये. तिथे पॅलेस्टिनी अथॉरिटी आहे, अध्यक्ष आहे, पोलीस आहेत, मग साधा मोर्चा काढायला इस्रायली लष्कराची परमिशन कशाला? कृपया भांडू नका, कायद्याचं तेवढं सांगा.

मीनल_कु: १९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक ताब्यात घेतली, तेव्हापासून तिथे इस्रायली लष्करी कमांडर काढेल तो हुकूम म्हणजे कायदा. त्याच वर्षीचा हुकूम १०१ बघा, राजकीय कारणासाठी दहा किंवा जास्त माणसं जमायची तर परवाना, नाहीतर दहा वर्षांपर्यंत कैद. आपली जमावबंदी कधीतरी उठते तरी, हे अजून चालूच आहे. शेजारच्या वसाहतीतल्या इस्रायलींना मात्र इस्रायलचा नागरी कायदा, त्यामुळे दोघांनी सारखाच दगड मारला तर एकाची केस लष्करी कोर्टात आणि दुसऱ्याची साध्या कोर्टात. वसाहतवाले क्नेसेटला, म्हणजे इस्रायलच्या संसदेला, मत देतात, पॅलेस्टिनींना ते नाही.

रोखठोक: अहो पण ज्यातून ही अथॉरिटी आली त्या इस्रायलबरोबरच्या ऑस्लो करारांवर पॅलेस्टिनींनीही सह्या केल्यात ना? आणि हल्ले होतात तेव्हा लष्कराने काय हातावर हात ठेवून बसायचं? शिवाय अथॉरिटी स्वतःच टीका करणाऱ्यांना आत टाकते, तिच्या संसदेची शेवटची निवडणूक २००६ ला झाली, त्याचं पण बोला की.

मीनल_कु: ते बरोबरच आहे, अथॉरिटीचं कौतुक कोण करतंय. पण त्याच ऑस्लोतल्या १९९५ च्या करारात वेस्ट बँकेचे अ, ब, क असे भाग पाडले आणि साधारण ६० टक्के जमीन असलेला क भाग पूर्ण इस्रायलकडेच राहिला, तिथे घर बांधायचा परवानाही त्यांच्याकडूनच. अ भागात अथॉरिटी आहे म्हणायचं, पण रात्री लष्कर येऊन माणूस उचलतं तेव्हा तिचे पोलीस आडवे येत नाहीत.

वकीलसाहेब: उचलल्यानंतरचं पण बघा. प्रशासकीय स्थानबद्धता सहा महिन्यांपर्यंत, आरोपपत्र नाही, आणि मुदत कितीही वेळा वाढवता येते. आपल्या रासुकात (राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात) निदान एक वर्षाची मर्यादा आहे. तिथे लष्करी न्यायाधीश ऑर्डर तपासतो, पण पुरावा गोपनीय, वकिलालाही दाखवत नाहीत, मग त्याने बाजू मांडायची तरी कशाची? युद्धात आणि ताब्यातल्या प्रदेशात नागरिकांना संरक्षण देणारा चौथा जिनिव्हा करार सुरक्षेसाठी स्थानबद्धता चालवून घेतो हे खरं, पण अपवाद म्हणून.

भटका_जीव: आणि पूर्व जेरुसलेम? तिथेही हेच का?

वकीलसाहेब: नाही, ते इस्रायलने स्वतःला जोडून घेतलंय त्यामुळे तिथे इस्रायली कायदा. पण बहुतेक पॅलेस्टिनी नागरिक नाहीत, फक्त कायम रहिवासी. महापालिकेला मत देता येतं, क्नेसेटला नाही, आणि बरीच वर्षं बाहेर राहिलं तर रहिवासी हक्कही जाऊ शकतो.