उपासनेत काय चालेल : सांगितलंय तेवढंच, की मनाई नाही ते सगळं?

मागचा बाक
चर्चच्या नव्वद मिनिटांच्या उपासनेत पन्नास मिनिटं गाणी आणि शास्त्रपाठ सहा वचनांचा, असं गणित असेल तर वाद मुळापासूनच घातलेला बरा. प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात त्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासस्वीकाराचा (1647) 21वा अध्याय म्हणतो, देवाने स्वतः नेमून दिलेल्या रीतीनेच त्याची उपासना करावी. आधार बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक, 12:32 : अधिक नको, उणंही नको. लेवीय 10 मध्ये अहरोन याजकाच्या मुलांचा, नादाब-अबीहूंचा, गुन्हा काय? देवाने सांगितला नव्हता तो अग्नी नेला. नेमलेलं मोजकंच आहे : वाचन, उपदेश, प्रार्थना, स्तोत्रगान, दोन संस्कार (बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन). माईक, बाक, वेळ ही सोय, ती मंडळीने ठरवावी. नाटुकली आणि धुराचं यंत्र ही सोय नव्हे.

टाळचिपळी
धुराचं यंत्र मलाही नको, पण तुमच्या नियमात येशूचीच पंचाईत होते. योहान 10:22 मध्ये तो पुनःस्थापनेच्या सणाला मंदिरात आहे. हा सण मोशेनंतर कितीतरी शतकांनी, मक्काबी ह्या यहुदी बंडखोरांच्या काळात सुरू झाला, मोशेच्या नियमशास्त्रात नाहीच. अँग्लिकनांच्या 39 कलमांतलं 20वं कलम यापेक्षा शहाणं : मंडळीने विधी ठरवावेत, फक्त ते शास्त्राविरुद्ध नकोत. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा प्रेस्बिटेरियन आणि अँग्लिकन ह्या दोन्ही परंपरा एकाच छपराखाली आल्या. आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं? ती कुठल्या आज्ञेने गायची?

मागचा बाक
पुढचंच वचन वाचा. तो देवडीत फिरत होता, एवढंच तिथे आहे. सण पाळला असं म्हटलेलं नाही.
टिळकांबद्दल आदर आहेच, पण गायला देवाने बायबलमध्येच 150 स्तोत्रं दिलीत. कॅल्व्हिनच्या जिनिव्हात 1562 पर्यंत ती सगळी पद्यात बांधून झाली. मंडळी एकसुरात गायची, वाद्य नाही. चालींत मुख्यतः दोनच लांबीचे स्वर, एक दीर्घ आणि एक ऱ्हस्व, म्हणून न शिकलेल्यालाही जमायचं. मराठीत तेच अभंगात करा.

टाळचिपळी
करून बघू. मोठ्या अभंगात अक्षरं 6-6-6-4 आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. स्तोत्र 23 ची सुरुवात :

परमेश माझा / मेंढपाळ थोर / मज नाही घोर / उणेपणा

मूळ हिब्रूत ह्या ओळीचे शब्द चारच. त्यांत ‘थोर’ नाही, तो अक्षरं भरायला आला. ‘घोर’ यमकासाठी आला आणि त्याने अर्थच फिरवला : घोर उणेपणा नाही, म्हणजे थोडाफार आहे! छंदात बसवलेलं स्तोत्रही माणसाच्या हातचंच असतं. मग टिळकांनाच वेगळा न्याय का?

मागचा बाक
‘घोर’ मान्य, तो काढायलाच हवा. यमक सोडा आणि वचन जसंच्या तसं एका स्वरावर म्हणा, शेवटच्या दोन-तीन अक्षरांना तेवढा उतार द्या. भाषांतर ही गरज आहे, नवं पद ही निवड आहे.

टाळचिपळी
आणि डफ-झांजांनी देवाची स्तुती करा असं सांगणारं स्तोत्र 150 म्हणताना डफ-झांजा कपाटात? 2 इतिहास 29:25 मध्ये वाद्यं देवाच्या आज्ञेने आहेत, तुमच्याच कसोटीवर उतरतात.

मागचा बाक
27-28 ही वाचा. होम सुरू झाला तेव्हा गाणं आणि वाद्यं सुरू, होम संपेपर्यंत ती चालली. वाद्यं यज्ञाला जोडलेली होती. यज्ञ ख्रिस्तात पुरा झाला (इब्री 10).

टाळचिपळी
त्याच वचनांत गाणंही होमाला जोडलेलं आहे. ते का नाही थांबवत?

समासातली टीप
डफावरून भांडताय आणि सहा वचनांचा शास्त्रपाठ दोघंही विसरलात. तिथे तर स्पष्ट आज्ञा आहे, 1 तीमथ्य 4:13. इ. स. 155 च्या सुमारास जस्टिन मार्टर ह्या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचं वर्णन केलंय : प्रेषितांच्या आठवणी (म्हणजे शुभवर्तमानं) किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ पुरेल तोवर वाचायचे, मग उपदेश, प्रार्थना, भाकर-प्याला. दर रविवारी अख्खा अध्याय घेतला तर मार्कचं शुभवर्तमान 16 रविवारांत होतं. वाचणाऱ्याला उतारा बुधवारीच द्या, नावं आणि थांबे पेन्सिलीने खुणावून. आयत्या वेळी उभं केलं की वाक्य मध्येच तुटतं आणि ऐकणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. पाच-सहा मिनिटं लागतील, म्हणजे एक गाणं कमी.

टाळचिपळी
चालेल. शेवटच्या कडव्याची आठ आवर्तनं होतात ते गाणं काढा.

मागचा बाक
ह्याला माझाही होकार. वाद्यांचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.