सल्ला हवा: जुना ट्रेलर घेतोय, क्राउन कोणता बघू?

चिंचोलीचा_गडी: नमस्कार मंडळी. दोन टिपर विकून एक जुना ट्रेलर घेतोय. बजेट 14 लाख, वर एक रुपया नाही. होटगीहून सिमेंट भरायचं, निम्म्या फेऱ्या पुण्याला, निम्म्या तुळजापूर घाट चढून लातूरकडं. दोन गाड्या बघितल्या, दोन्ही सिंगल हाउसिंग, म्हणजे मागचा एकच धुरा इंजिनवर फिरणारा. एकीचा क्राउन, म्हणजे त्या धुऱ्यातली गिअरची जोडी, 41/7, दुसरीचा 41/6. कोणती घेऊ?

रोडकिंग13: 22 पर्यंत जा भावा, बीएस-6 घे. माझ्या गाडीला एसी केबिन आहे, ड्रायव्हर जेवायला पण खाली उतरंना.

चिंचोलीचा_गडी: दादा, 14 म्हटलंय.

हैदराबाद_रोड_मिस्त्री: 41 हे क्राउनचे, म्हणजे मोठ्या गिअरचे दात, खालचे पिनियनचे, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे. भागून बघा, 5.86 आणि 6.83. चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून मागं येणारा शाफ्ट तेवढे फेरे घेतो. 10.00-20 टायर किलोमीटरला साधारण 310 फेरे घेतो. टॉप गिअर एकास एक धरला, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरले, तर 60 च्या स्पीडला पहिलीचं इंजिन मिनिटाला 1800 फेऱ्यांवर, दुसरीचं 2100 वर. पुण्याच्या सपाटीला 41/6 डिझेल पिणार, घाटात मात्र तीच उचलणार.

अक्कलकोट_लाईन: मिस्त्रींशी सहमत. 41/6 डिझेल पिते.

घाटातला_अण्णा: डिझेल डिझेल काय करता बे! माझी 41/7 होती. भरल्या गाडीला घाटात एका बंद टेम्पोमागं थांबलो. परत उचलताना केबिनभर क्लच प्लेटचा वास, मागं हॉर्नवर हॉर्न. क्लच गेला, भाडं गेलं.

रोडकिंग13: ड्रायव्हर कच्चा असणार.

घाटातला_अण्णा: मीच चालवत होतो.

अक्कलकोट_लाईन: 😂 आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरलाय का तेवढं बघा. चासीला जोड आहे का तेपण.

हैदराबाद_रोड_मिस्त्री: आणि मालकाच्या तोंडावर जाऊ नका. माझ्याकडं एक डबल हाउसिंग, म्हणजे मागचे दोन धुरे फिरणारी, आली होती, पुढच्याला 41/7, मागच्याला 41/6! कुणीतरी जुन्या बाजारातून हाउसिंग आणून बसवलेली. पंधरा दिवसांत दोन धुऱ्यांना ताकद वाटून देणारा मधला डिफ्रेंशियल बसला. तुमची सिंगल आहे, मोजायला सोपी. बाकीच्या चाकांना गुटके लावा, मागची एकच बाजू जॅकवर घ्या. न्यूट्रल करा, हवा भरून हँडब्रेक सोडा. चाकावर आणि शाफ्टवर खडूची रेघ मारा. चाक पूर्ण दोनदा फिरवा, शाफ्टचे फेरे मोजा. सहाला जरा कमी भरले तर 41/7, सातला जरा कमी तर 41/6.

अक्कलकोट_लाईन: दोनदा कशाला? एकदा फिरवलं तरी कळतंय की.

हैदराबाद_रोड_मिस्त्री: दुसरं चाक जमिनीवर उभं असतंय मालक. एका फेऱ्याला शाफ्ट निम्माच फिरतो.

रोडकिंग13: माझ्या गाडीला असलं काही मोजावं लागलं नाही.

चिंचोलीचा_गडी: सगळ्यांचे आभार. शेवटी तिसरीच घेतली, मेव्हण्याच्या ओळखीतली. 37/6 आहे म्हणाला, म्हणजे मधलंच. 14 लाख 80 ला बसली.

हैदराबाद_रोड_मिस्त्री: 6.17. चालतंय. मोजली का?

चिंचोलीचा_गडी: अंधार पडला होता ओ. टायर मात्र सगळे नवीन आहेत.