अनुभव धागा : अवकाश मोहिमेतून विज्ञानाची गोडी नेमकी कशी लागते?

यानाचे उड्डाण पाहून टाळ्या वाजवणारे विद्यार्थी पुष्कळ असतात, परंतु दुसऱ्या दिवशी वही उघडून गणित मांडणारे थोडेच. हा फरक कशाने पडतो, याविषयी शिकवणाऱ्यांनी आणि शिकलेल्यांनी आपापले अनुभव लिहावेत, ही विनंती.

प्रतिसाद १ (विज्ञान शिक्षिका)

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाणार होते, त्या संध्याकाळी मी नववीच्या मुलांना मैदानावर थांबवून घेतले. न लुकलुकता सरकणारा तो ठिपका काही मिनिटांतच पृथ्वीच्या सावलीत शिरून दिसेनासा झाला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, हे किती वेगाने गेले?" स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर असून त्याला एका फेरीस सुमारे ९२ मिनिटे लागतात, एवढेच मी सांगितले. तिने ४०० हीच कक्षेची त्रिज्या धरली. वेग सेकंदाला अर्धा किलोमीटरही भरेना. बराच वेळ वहीकडे पाहत बसल्यावर, पृथ्वीची त्रिज्या मिळवायची राहिली हे तिचे तिलाच उमगले आणि ६,८०० किलोमीटर धरून सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर असे उत्तर आले. खोडलेले पहिले गणित तिने वहीत तसेच ठेवले आहे.

प्रतिसाद २ (यंत्र अभियंता)

माझ्या बाबतीत यशापेक्षा अपयशाने काम केले. उत्तरापुढे एकक न लिहिण्याची मला खोड होती. १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झालेल्या 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' या यानाची हकीकत सरांनी वर्गात सांगितली : एका संगणकप्रणालीने आवेग, म्हणजे यानाला दिलेल्या धक्क्याचे माप, पौंड-बल सेकंदात दिला, दुसरीने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला आणि सुमारे साडेचार पटींचा फरक कोणाच्या ध्यानात आला नाही. त्या दिवसापासून एकक गाळलेले मला आठवत नाही.

प्रतिसाद ३

भिंतीवरची यानांची रंगीत चित्रे मी शाळेत वर्षानुवर्षे पाहिली. त्यांतून काहीही घडले नाही, हेही नोंदवावेसे वाटते.

प्रतिसाद ४ (रोबोटिक्स मार्गदर्शक)

मंगळापर्यंत संदेश पोहोचण्यास, ग्रहांच्या स्थितीनुसार, सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, हे मुलांना पाठ असते. पण त्यामुळे तिथली गाडी (रोव्हर) पृथ्वीवरून खेळण्यातल्या गाडीसारखी जॉयस्टिकने चालवता येत नाही, हे सहसा सुचत नाही. म्हणून आम्ही गाडी शेजारच्या खोलीत ठेवली आणि आज्ञा चिठ्ठीवर लिहून दहा मिनिटांनी पोहोचवण्याचा नियम केला. "पुढे जा" एवढीच पहिली चिठ्ठी होती. किती पुढे, हे लिहिले नसल्याने गाडी टेबलाच्या पायाला भिडून तशीच चाके फिरवत राहिली आणि थांबण्याची चिठ्ठी येईपर्यंत बॅटरी उतरली. पुढची चिठ्ठी दोन पानांची होती, आणि अडथळा आल्यास गाडीने स्वतः काय करावे, यावरच तिचे एक पान भरले होते.