७ गाण्यांची मराठी ईपी: लीजचे बीट, लावणीचा लूप, लेबलचा करार. आधी काय उरकू?

बोलबाज_पुणे

मराठी रॅपची ईपी (छोटा अल्बम), ७ गाणी, दोन महिन्यांत काढायची आहे. व्होकल झालेत, मिक्स बाकी. परिस्थिती अशी:

४ बीट (रॅपमागचं तयार संगीत) ऑनलाइन घेतलेले, सगळ्यात स्वस्त एमपी३ लीजवर, म्हणजे मर्यादित वापराच्या परवान्यावर. २ बीट ओळखीच्या बीटमेकरचे, पैशांचं "नंतर बघू" असं तोंडी. आणि एका गाण्यात जुन्या लावणीच्या रेकॉर्डवरचा ढोलकी-हलगीचा तुकडा लूप केलाय.

एक छोटं लेबल (संगीत कंपनी) ३०,००० रुपये ॲडव्हान्स द्यायला तयार आहे, पण सातही मास्टर (गाण्यांची अंतिम रेकॉर्डिंग) कायमचे त्यांचे. घ्यावं का? आणि स्वतः काढायचं तर कुठल्या क्रमानं काय करू?

आठशेआठ

लेबलचं नंतर. आधी बीट, कारण बहुतेकांची गाडी तिथंच अडते.

लीज म्हणजे बीट तुझं झालं नाही. तेच बीट अजून पन्नास जणांकडे असू शकतं. डिस्ट्रिब्युटरकडे (स्पॉटिफाय, यूट्यूबवर गाणं पोचवणारी सेवा) गाणं चढवताना यूट्यूब कंटेंट आयडीचा एक टिकमार्क असतो, ज्यानं तुझं गाणं दुसऱ्याच्या व्हिडिओत वाजलं तर पैसे तुला मिळतात. लीजच्या चारही गाण्यांना तो लावू नकोस. यंत्रणा ऑडिओचा ठसा घेते आणि त्या ठशात बीटच जास्त असतं. मग तुझ्या नावानं त्या पन्नास जणांच्या व्हिडिओंवर दावे जातात, त्यांच्याकडून तुझ्यावर येतात आणि वैतागून डिस्ट्रिब्युटर खातं बंद करतो. बहुतेक लीजमध्ये ही नोंदणी करू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण पीडीएफ उघडतो कोण?

पीडीएफ उघडून पाच गोष्टी बघ: स्ट्रीमची मर्यादा, किती व्हिडिओ चालतात, मुदत किती, पैसे घेऊन लाइव्ह शो करता येतो का, आणि श्रेय कुठल्या शब्दांत द्यायचं. उद्या कुणी ते बीट एक्स्क्लुझिव्ह विकत घेतलं तरी तुझी लीज तिच्या मुदतीपर्यंत सहसा चालते, वाढवून मात्र मिळत नाही. म्हणून पीडीएफ आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेव.

दुसरं, एमपी३ वर मिक्स करणं म्हणजे हात बांधून पोहणं. किक, ८०८ (खालचा बास) आणि मेलडी वेगळी करताच येत नाही. ज्या गाण्याचा व्हिडिओ काढणार आहेस, निदान त्याचे तरी स्टेम (प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल) घे. बाकीच्यांसाठी वेव्ह फाइल तरी घे. लीजचं बीट आधीच लिमिटरमधून (आवाज दाबून मोठा करणारं टूल) काढून कडक केलेलं असतं, म्हणून सेशनमध्ये टाकल्या टाकल्या ६ डेसिबल खाली आण. नाहीतर व्होकल चढवल्यावर मास्टर बस (सगळे आवाज एकत्र येतात तो चॅनेल) लाल होते आणि सगळे व्होकलला दोष देतात. व्होकलसाठी जागा हवी असेल तर बीटमध्ये २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल कमी कर, तेही व्होकल चालू असेल तेवढ्यापुरतं.

स्पॉटिफाय सगळं साधारण -१४ एलयूएफएसवर (सरासरी आवाजाचं माप) आणून वाजवतं. पण तेवढ्यासाठी फारसं कुणी -१४ लाच मास्टर करत नाही, रॅप सहसा बराच वर असतो. ट्रू पीक (आवाजाचं खरं टोक) मात्र -१ डीबीच्या वर जाऊ देऊ नकोस.

ओळखीचा बीटमेकर: आजच एक पान लिहून दोघांच्या सह्या. मास्टरमध्ये कुणाचा किती वाटा, संगीतात कुणाचा किती, बीट तो दुसऱ्याला विकणार की नाही. गाणं चालल्यावर लिहायला बसलात तर मैत्रीही जाते.

घुंगरू_काठी

लावणीच्या लूपबद्दल. तिथे हक्क दोन असतात आणि लोक एकच मोजतात.

एक रेकॉर्डिंगचा हक्क. भारतात तो प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. म्हणजे १९६० ला निघालेली रेकॉर्ड २०२० संपेपर्यंत कंपनीची होती. १९७८ ची असेल तर अजून बरीच वर्षं परवानगी लागेल.

दुसरा शब्द आणि चालीचा. तो लिहिणारा किंवा चाल देणारा गेल्यानंतर ६० वर्षं. राम जोशी, होनाजी बाळा यांचा प्रश्नच नाही. पठ्ठे बापूराव १९४५ ला गेले, म्हणजे त्यांच्या रचना २००५ अखेर मोकळ्या झाल्या. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत हक्क चालू. जगदीश खेबुडकर २०११ ला गेले, म्हणजे २०७१. "लोकगीत आहे, चालतं" असं म्हणत सिनेमातली लावणी उचलणारे इथंच फसतात.

शिवाय हा हिशोब भारतापुरता. डिस्ट्रिब्युटर गाणं जगभर टाकतो आणि अमेरिकेत जुन्या रेकॉर्डिंगचे नियम निराळे आहेत.

तुझ्या लूपमध्ये गायन नाही, नुसतं वादन आहे ना? मग सरळ नवीन वाजवून घे. हलगीचा ठेका कुणाच्या मालकीचा नाही, रेकॉर्डिंग असतं. वादकाला क्लिकवर (हेडफोनमधल्या टिकटिकीवर) वाजवायला लावू नकोस, खेळ मरतो. तुझं बीट बंद हेडफोनमध्ये ऐकव, एकाच ठेक्याची १५-२० आवर्तनं घे आणि त्यातली दोन चांगली कापून लूप कर. साधा डायनॅमिक माइक हातभर अंतरावर, पानाच्या मधोमध न रोखता थोडा तिरका. हलगीचा पहिला फटका मीटरला कळायच्या आत क्लिप होतो (फाटतो), म्हणून पीक -१२ डेसिबलच्या आसपास धर. कातडी पान तापवून घेतलेलं असेल तर थोड्या वेळानं आवाज उतरतो. पुन्हा तापवायची सोय नसलेल्या एसी स्टुडिओत नेलंस तर पहिला टेक कडक आणि पाचवा फुसका येईल, आणि मग तुकडे एकमेकांना जुळणार नाहीत.

वादकाला रोख मानधन, श्रेयात पूर्ण नाव, आणि वापराच्या परवानगीचा कागद.

कलम_एकोणीस

करारावर थोडं सविस्तर लिहितो.

३०,००० भागिले ७ म्हणजे गाण्यामागे साधारण ४,३०० रुपये. त्या बदल्यात तुम्ही रेकॉर्डिंगची ६० वर्षं देताय. शिवाय ॲडव्हान्स हा लेबलचा खर्च नसतो, तुमच्याच कमाईतून वसूल होतो. "निव्वळ उत्पन्नाच्या ५० टक्के" असं लिहिलं असेल तर निव्वळ काढताना मार्केटिंग, व्हिडिओ, पीआर सगळं वजा होईल, आणि त्या खर्चावर मर्यादा नसेल तर तुमच्या हाती शून्य येऊ शकतं.

मास्टर विकू नका, परवान्यावर द्या. मुदत ३ ते ५ वर्षं, नंतर मास्टर आपोआप परत. यात "आपोआप" महत्त्वाचं, नाहीतर नोटिसा पाठवत बसाल. खर्चाची कमाल रक्कम आकड्यात. दर सहा महिन्यांनी हिशोब आणि तो तपासायचा हक्क. पुढच्या गाण्यांवर पहिला हक्क, शोच्या कमाईत वाटा, कलाकार-नावावर मालकी, ही तीन कलमं दिसली तर काढायला सांगा. काढत नसतील तर उठा.

कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणूनच लेबलवाले "कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात" असं न चुकता लिहितात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क करारानं सोडून देता येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. पण हे संरक्षण शब्द आणि चालीला आहे. मास्टर सही करून दिला की गेला.

बोलबाज_पुणे

लेबल बाद. हलगी नव्यानं घेतो. डिस्ट्रिब्युटर आणि आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी सोसायटी) कुणी सांगेल का? स्पॉटिफायचे पैसे डिस्ट्रिब्युटर देतोच, मग आयपीआरएस वेगळं कशाचं देतं?

मेटाडेटा_मावशी

डिस्ट्रिब्युटर देतो ते मास्टरचे. शब्द आणि चालीचे वेगळे, ते आयपीआरएस गोळा करतं. तू लिहितोस, म्हणजे गीतकार म्हणून सदस्य हो. पॅन, बँकेचा तपशील, प्रसिद्ध झालेली गाणी तयार ठेव. नुसतं सदस्य होऊन पैसे येत नाहीत बाळा, प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं, वाट्यांसकट. लीजच्या बीटचा संगीतकार तू नाहीस, तिथे बीटमेकरचं नाव आणि वाटा लीजप्रमाणे लिही. तो परदेशी असेल तर त्याचा आयपीआय क्रमांक (गीतकार-संगीतकाराचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) माग. दोघांनी मिळून १३० टक्के नोंदवले की गाणं वादात अडकतं आणि पैसे कुणालाच नाहीत.

डिस्ट्रिब्युटर दोन प्रकारचे: वर्षाचं भाडं घेणारे, किंवा कमाईतून टक्के कापणारे. डिस्ट्रोकिडसारख्या भाड्याच्या ठिकाणी वर्गणी थांबली की गाणी उतरतात, कायम ठेवायची तर प्रत्येक सिंगल किंवा अल्बममागे वेगळे पैसे. वर्षाला एखाद-दुसरं गाणं काढणाऱ्याला टक्केवारी परवडते, तुझ्यासारख्याला भाडं.

तारखेच्या चार आठवडे आधी चढव. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर किमान ७ दिवस आधी, आणि ईपीतून एकच गाणं सुचवता येतं. सातही एका दिवशी टाकलीस तर सहा वाया. दोन-तीन सिंगल आधी काढ आणि ईपीत तीच फाइल, तेच नाव, तोच आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) दे, म्हणजे आधीचे स्ट्रीम टिकतात. नवीन मास्टर नव्या क्रमांकानं टाकलास की आकडा शून्यावर. चढवताना आधीचं कलाकार-पान निवड, नाहीतर गाणं तुझ्याच नावाच्या भलत्याच माणसाच्या पानावर जाऊन बसतं. भाषा मराठी लाव. पुष्कळ जण तो रकाना हिंदीच ठेवतात, मग गाणं मराठीच्या याद्यांत यायचं कसं?

२०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम नसतील तर त्याचे मास्टरचे पैसे मिळत नाहीत. हे वाचून कुणी "१०,००० स्ट्रीम इतक्यात" विकणाऱ्याकडे जाऊ नये. खोटे स्ट्रीम पकडले की गाणं उतरतं आणि दंड डिस्ट्रिब्युटर तुझ्या खात्यातून कापतो.

ॲडसेन्समध्ये (यूट्यूबचे पैसे देणारं गूगलचं खातं) अमेरिकन कराचा फॉर्म भर. भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के, नाही भरला तर जगभरच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. आणि दर तिमाहीला हिशोबाच्या फाइली उतरवून ठेव. गाण्यांची ॲप बंदही होतात: २०२४ मध्ये रेसो भारतातून गेलं, विंक गुंडाळलं गेलं.

मॉनिटर_कुठाय

स्ट्रीमच्या नादात एक राहिलं. सुरुवातीची खरी कमाई शोची, त्याची तयारी मिक्सच्या वेळीच होते. इंजिनियरकडून प्रत्येक गाण्याचा शो-ट्रॅक आताच माग: लीड व्होकल काढलेला, हुकचे (ध्रुवपदाचे) डबल आणि ॲडलिब (मधले छोटे उद्गार) ठेवलेले. नंतर मागितलास तर सेशन सापडत नाही. पूर्ण व्होकलवर ओठ हलवणारा रॅपर सायफरवाल्यांना (गोल करून आळीपाळीनं रॅप करणाऱ्यांना) पहिल्या बारलाच, म्हणजे ओळीलाच, कळतो.

फाइली वेव्ह, दोन पेनड्राइव्हवर, दोन्ही एफएटी३२ फॉरमॅटमध्ये. जुने डीजे प्लेअर बरीच दुसरी फॉरमॅट वाचत नाहीत. माइकची जाळी मुठीत धरू नको. मागची भोकं झाकली की माइक सगळीकडून आवाज घेतो आणि मॉनिटर (स्टेजवरचा तुझ्याकडे तोंड केलेला स्पीकर) शिट्टी मारतो.

पैसे: ५० टक्के आगाऊ, बाकी स्टेजवर चढण्याआधी. कॉलेज फेस्टवाले "बिल पास होऊ दे" म्हणतात, म्हणून रक्कम, तारीख, प्रवास, राहणं मेलवर घे. ते टीडीएस कापतील, साधारण १० टक्के. कापलेला टीडीएस तुझ्या पॅनवर दिसतोय का ते बघ आणि रिटर्न भर, कमाई कमी असेल तर तो परत मिळतो. मोकळ्या जागेतला शो असेल तर रात्री १० ला स्पीकर बंद होतो आणि कार्यक्रम उशिरा सुरू झाला की कात्री शेवटच्या कलाकाराला लागते. ९:३० ची वेळ दिली तर आधीची माग.

आठशेआठ

+१ शो-ट्रॅकला. फक्त लीजमध्ये लाइव्हची परवानगी आहे का ते आधी बघ, स्वस्त लीजमध्ये ती पुष्कळदा नसते.