दुसऱ्या खेपेला नॉर्मलची वाट बघावी का?

रेवती_सांगली
माझ्या वहिनीचं पहिलं सिझर. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघू, नॉर्मल होईल." आम्ही खूश. रात्री कळा सुरू झाल्या, ॲडमिट केलं. पहाटे ती सारखी सांगत होती, कळ ओसरली तरी जुन्या टाक्यांपाशी दुखायचं थांबत नाही. सिस्टर म्हणाल्या, "बाळंतपणात दुखतंच." मग कळा एकदम बंद झाल्या. आईला वाटलं, जरा आराम पडला. गर्भपिशवी फाटली होती. बाळाच्या ठोक्यांची शेवटची नोंद साडेतीनची, डॉक्टर आल्या सव्वापाचला. वहिनी वाचली, बाळ गेलं. आईने शिवलेली दुपटी अजून कपाटात आहेत.
माझं मत: एकदा सिझर, तर पुढचंही सिझरच. वेगळं वाटत असेल त्यांनी जरूर लिहा.

डॉ_मृणाल
रेवतीताई, फार वाईट वाटलं. कळ नसतानाही व्रण दुखणं आणि कळा अचानक थांबणं, दोन्ही धोक्याच्या खुणा. त्याही आधी बहुधा बाळाचे ठोके बिघडतात, म्हणून मशीन सतत लावून ठेवायचं असतं. पण सरसकट सिझर मला पटत नाही. पिशवीवर खाली आडवा छेद घेतलेलं एकच सिझर असेल, तर चौघींतल्या साधारण तिघींचं नॉर्मल होतं. पिशवी फाटण्याचा धोका २००त एक. (पोटावरचा टाका आडवा म्हणून आतलाही आडवा, असं धरू नका. जुने कागद बघा.)

निशिकांत_जत
डॉक्टर, तो आकडा सगळी सोय हाताशी असलेल्या ठिकाणचा. आमच्याकडे भूलतज्ज्ञ फोन केल्यावर निघतात, रक्त आणायला गाडी पाठवावी लागते. पिशवी फाटल्यावर बाळाच्या हातात मिनिटं असतात. इथे वाट बघणं म्हणजे जुगार. रेवतीताईंचंच बरोबर.

शुभदा_इचलकरंजी
निशिकांत, सिझरही फुकट पडत नाही हो. माझ्या नणंदेच्या तिसऱ्या सिझरला वार जुन्या व्रणात रुतलेली. रक्त थांबेना, पिशवीच काढली. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात. त्यातल्या कितीजणींना पुढे हे भोगावं लागेल?

अपर्णा_बर्मिंगहॅम
इथून जवळच श्रूजबरी-टेलफर्डची सरकारी रुग्णालयं आहेत. सिझर कमी होतात याचा तिथे अभिमान होता. डोना ऑकेंडन यांच्या चौकशीचा अहवाल २०२२मध्ये आला: चांगली देखभाल मिळती तर २०१ बाळं जगू शकली असती. सगळ्या केसेस पिशवी फाटण्याच्या नव्हत्या, पण बाईचं म्हणणं कानाआड करणं आणि ठोक्यांची नोंद नीट न बघणं तिथेही होतंच. मशीन होती, रक्त होतं, सर्जन होते. त्यामुळे निशिकांत, नुसत्या सोयीनेही भागत नाही.

रेवती_सांगली
अपर्णाताई, दोनदा वाचलं. 'सरसकट' हा शब्द मागे घेते. पण रात्री ऑपरेशन थिएटर उघडायला किती वेळ लागतो, याचं सरळ उत्तर जिथे मिळत नाही, तिथे वाट बघायची नाही, यावर मी ठाम आहे.
वहिनीला आता सातवा महिना आहे.

डॉ_मृणाल
मग तिच्या बाबतीत वादच नाही. फाटलेल्या पिशवीला कळा येऊ द्यायच्या नाहीत. रक्तपेढी असलेलं रुग्णालय आजच ठरवा, ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास सिझरची तारीख घ्या. त्याआधी पोटात दुखलं, तर पहाटेचे तीन वाजलेले असले तरी निघा.